यंत्र ठणठणीत, म्हणजे चूक पायलटचीच?

रिगवाला: काल एका ग्रुपवर वाचलं, 'रात्री समुद्रावर हेलिकॉप्टर पडलं आणि यंत्रात बिघाड नसला, तर दोष पायलटचा. विषय संपला.' डोकं फिरलं. बॉम्बे हायला, मुंबईपुढच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर, अकरा वर्षं काढलीत. अमावस्येला डेकवर उभं राहा, पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं कळत नाही. मच्छीमारांचे दिवे आणि तारे सारखेच. क्षितिज नसलं की तोल सांगणारा आतला कान फसवतो. हळूहळू कललेलं हेलिकॉप्टर सरळच वाटतं. ४ नोव्हेंबर २०१५ ला पवनहंस कंपनीचं डॉफिन हेलिकॉप्टर इथंच रात्रीच्या लँडिंगच्या सरावात पडलं. दोन्ही पायलट गेले.

तिरपागडा: मग समोरची इन्स्ट्रुमेंट काय शोभेला? कान फसवतो हे पायलटला शिकवलेलं असतं. तरी फसला तर चूकच. आणि रात्री उडायचंच कशाला?

रिगवाला: रिगवर कुणाच्या छातीत कळ आली तर सकाळची वाट बघायची? सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर रात्री पडलं, ते टँकरवरच्या जखमीला आणायलाच निघालं होतं. आणि डेकवर उतरताना इन्स्ट्रुमेंटवरून नजर बाहेर काढावीच लागते. इंग्लंडमध्ये मोरकँब बे, डिसेंबर २००६: रात्र, खराब हवा, डॉफिनच. को-पायलट गोंधळला, त्यानं मदत मागितली, कॅप्टननं ताबा घेईपर्यंत काही सेकंद गेले. सातही जण गेले. यंत्र ठणठणीत!

मीनाक्षी_ठाणे: पडल्यावरचं कोण बोलणार? इंजिन-गिअरबॉक्सचं वजन वर, त्यामुळं पाण्यात बहुतेकदा उलटंच होतं. नवऱ्यानं ह्यूएट केलंय, म्हणजे पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग. स्विमिंग पूल, लख्ख दिवे, तरी उलटं बुडवल्यावर नाकात पाणी गेलं आणि पट्ट्याचं बकल सापडेना. आठवडाभर शॉवर बंद, आंघोळ बादलीनं.

तिरपागडा: एक हात खिडकीच्या कडेला, दुसरा बकलवर. एवढं लक्षात ठेवलं की सापडतं.

मीनाक्षी_ठाणे: तुम्ही केलंय?

तिरपागडा: व्हिडिओ पाहिलाय.

खलाशी_७२: 😂 आमच्या कंत्राटदारानं ह्यूएटची फी पगारातून कापली होती, तीही दोन हप्त्यांत. बुडायचे पैसेसुद्धा आमचेच! पर्मनंटवाल्यांना फुकट.

मीनाक्षी_ठाणे: अगदी! बूटसुद्धा यांनी स्वतःचे नेले.

रिगवाला: अहो, धागा अपघाताच्या कारणांचा आहे...

खलाशी_७२: तुम्ही पर्मनंट ना? मग बरोबर.

रिगवाला: तोंड सांभाळून. मीही सात वर्षं कंत्राटीच होतो.

तिरपागडा: भांडा निवांत. मोरकँबचं शोधून वाचलं. ठीक, ते काही सेकंद पायलटच्या बाजूनं धरले, व्हा खूश. बकलचं मात्र माझंच बरोबर.

मीनाक्षी_ठाणे: रविवारी ठाण्याला या. बादली काढून ठेवते.