विषय: भाची पेपरची नोकरी सोडून राहिली

नमस्कार मंडळी,
नागपूरची माझी भाची इंग्रजी दैनिक सोडून देणग्यांवर चालणाऱ्या एका छोट्या शोधपत्रकारिता संस्थेत जायचं म्हणते. मराठी आणि इंग्रजी, दोन्हीत लिहिणार. इकडे अमेरिकेत प्रोपब्लिका ही बातम्यांची संस्था तशीच चालते, २०१० साली पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिकही मिळालं त्यांना. पण नागपुरात? बहिणीची झोप उडाली आहे. आणि आपल्या इथल्या मंडळाच्या गणपतीच्या शिलकीतून थोडी मदत पाठवली तर?
– धंतोलीकर, मुक्काम शिकागो

दादा,
आधी शिलकीचं. मंडळाच्या खात्यातून एक डॉलरही नको. ती परदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए, २०१० या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम ३ नं वृत्तपत्रांचे वार्ताहर-संपादक आणि बातम्यांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना ती घ्यायची बंदी आहे. तुम्ही कौतुकानं पाठवाल आणि पोरांमागे चौकशी लागेल. अजून भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेलं चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांचं नाही.

आता काम. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. आपल्या राज्यात विषय एकच आणि शब्द १५०. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ, तिथं बसा वाट पाहत. रोजचं पान भरणाऱ्या वार्ताहराला हे परवडत नाही. गोसीखुर्द धरण ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या पुढं कसं गेलं, हे समजायला फायली घेऊन बसणारं कुणीतरी लागतंच ना!

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, घराघरांत चिखल. पेपरांनी तेव्हा भरपूर छापलं. मग प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि तिथली शपथपत्रं सगळी इंग्रजीत. सकाळी ती वाचायची, दुपारी डागा लेआउटमधल्या काकूंना विचारायचं की पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना बातमी मराठीतच हवी. पण बहुतेक ठिकाणी मराठी मजकूर इंग्रजीवरून रात्री उरकलेला असतो, वाचवत नाही.

म्हणून भाचीला तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगा. मराठी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, कोण तपासतं? मानहानीची नोटीस आली तर वकील कोणाच्या खर्चानं? आणि अनुदान संपल्यावर पगार कुठून? तिसऱ्यावर गोलमोल बोलले तर सहा महिन्यांचे पैसे गाठीला ठेवूनच जायचं. जाऊ नको असं मात्र मी म्हणणार नाही.
– परत आलेली धरमपेठकर

ताई,
विचारलं. वकील संस्थेचा, अनुदान पुढच्या मार्चपर्यंत. मराठी कॉपी तपासायला कुणी नाही, तीच लिहिणार आणि तीच तपासणार. माझा पासपोर्ट तर कधीचाच बदलला. जावईबापूंचा भारतीय आहे, त्यांना गाठतो.
– धंतोलीकर

दादा, मग तपासायच्या या दुसऱ्या कामाचा पगार वेगळा मागायला सांगा. आत्ताच, सही करायच्या आधी.