मुलगा जॉकी (शर्यतीतला घोडेस्वार) व्हायचे म्हणतो. दहावी सोडून पाठवावे का?

सातरस्ता_आई

नमस्कार. आम्ही सात रस्त्याजवळच्या चाळीत राहतो. गिरणी बंद पडल्यावर माझे सासरे महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या एका तबेल्यात पंधरा वर्षे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. त्यांचे बोट धरून तिथे जाता जाता माझ्या मुलाला घोड्यांचा असा लळा लागला, की रविवारी पहाटे त्याला उठवावे लागत नाही. त्याचे वय १५ आहे, उंची १५७ सेंटीमीटर आणि वजन ४२ किलो. सध्या तो दहावीत आहे. मागच्या महिन्यात एका ट्रेनरकडच्या माणसाने सासऱ्यांना सांगितले, की पोराचे हात हलके आहेत, शाळा राहू द्या, त्याला आत्ताच अप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) म्हणून द्या. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. यजमानांच्या मते रेस म्हणजे जुगार, आणि मुलाने त्या वाटेला जाऊ नये. मला भीती आहे ती पडण्याची. सासरे काहीच बोलत नाहीत, आणि त्यांचे हे न बोलणे मला जास्त खटकते. ज्यांनी हे आयुष्य जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया खरे काय ते सांगावे.

निवृत्त_स्वार

ताई, मी मुंबई आणि पुण्यात बावीस वर्षे शर्यती केल्या आणि आता एका तबेल्यात सकाळच्या कामावर देखरेख करतो. पडण्याची तुमची भीती खरी आहे. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावत असताना पुढच्याचा पाय अडखळला, तर मागच्याला काही करायला वेळच नसतो. माझा कॉलरबोन दोनदा मोडला. १९७९ मध्ये महालक्ष्मीला शर्यतीत पडून जॉकी कार्ल उमरीगर गेले, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. जुन्या मंडळींचा आवाज त्यांचे नाव घेताना आजही बदलतो. तरीही शर्यतीत पडणे वर्षाकाठी एखाद्या वेळी होते. वजनाच्या काट्यावर मात्र आम्हाला रोज उभे राहावे लागते, आणि माझ्या पाहण्यात घोड्यावरून पडून जितक्यांची कारकीर्द संपली त्याहून जास्त जणांची काट्यावर संपली.

हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्यांची ताकद बरोबरीला यावी म्हणून कमी-जास्त वजन चढवतात त्या शर्यतीत, चांगल्या घोड्यावर साठ किलोंच्या आसपास वजन चढवतात आणि सर्वांत खालच्या घोड्यावर पन्नासच्या आसपास. त्या आकड्यात जॉकीचे शरीर, कपडे, बूट आणि जीन हे सगळे धरले जाते. हेल्मेट आणि चाबूक तेवढे वगळतात. जॉकी हलका असेल तर जिनाखाली शिसे घालून वजन पुरे करता येते, पण जड असेल तर तो घोडा दुसऱ्याकडे जातो. शर्यत संपल्यावर पहिल्या क्रमांकांत आलेल्यांना जीन हातात घेऊन पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते, आणि वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. माझे नैसर्गिक वजन साठ होते आणि स्वाऱ्या मिळायच्या त्या त्रेपन्नवर. त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दुपारी दोन स्वेटर, वर प्लास्टिकचा रेनकोट असा मी वरळी सी फेसवर एप्रिलच्या उन्हात पळत असे, आणि घरी येऊन बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसत असे. तो गिळायचा नाही, नुसता ओठांवर फिरवायचा. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचे, की बाबांना जेवणच आवडत नाही.

आता हलक्या हातांविषयी. तो माणूस खोटे बोलला नसेल, कारण ती देणगी खरीच असते. पहाटे ट्रॅकवर ट्रेनर सांगतो, की शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत आण, आणि चांगला स्वार घड्याळ न पाहता त्याच्या आसपास आणतो. घोडा तोंडाने लगाम ओढत असताना त्याच्याशी भांडायचे नाही, बोटांनी त्याला थोपवून धरायचे आणि त्याचा दम शेवटच्या वळणापर्यंत शिल्लक ठेवायचा, हे शिकवून काही प्रमाणातच येते. पण अशा हातांची मुले दरवर्षी येतात. अप्रेंटिसला सुरुवातीला वजनात काही किलोंची सूट असते, म्हणून ट्रेनर त्याला घोडे देतात. त्याच्या जिंकलेल्या शर्यती वाढतात तशी ती सूट कमी होत जाते आणि शेवटी संपते. मग तोच मुलगा देशातल्या सर्वोत्तम जॉकींशी बरोबरीने उभा राहतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याची उंची वाढलेली असते. माझ्याबरोबर अप्रेंटिस असलेल्या सहा जणांपैकी चौघांचे स्वाऱ्या करणे या टप्प्यावर थांबले. त्यांच्यातल्या एकाचीही दहावी झालेली नव्हती.

जॉकी पेसी श्रॉफ यांच्यासारखे आयुष्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते: १०६ क्लासिक (सर्वांत मानाच्या) शर्यती जिंकल्या, २००४ मध्ये स्वारी थांबवली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही शिखर गाठले. पण बाकीच्यांना प्रत्येक स्वारीची फी आणि जिंकल्यास बक्षिसातला वाटा, एवढेच उत्पन्न असते. स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, चित्रीकरण पाहून ठरवले, की तुम्ही दुसऱ्याच्या वाटेत घोडा घातलात, तर काही दिवस तेही बंद. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, अशी दोन ठिकाणी बिऱ्हाडे करावी लागतात, तेही घरच्यांना सोपे जात नाही.

शाळा सोडायला सांगणाऱ्याचे ऐकू नका. त्याला आज हलका पोऱ्या हवा आहे. चार वर्षांनी तुमच्या मुलाचे काय होईल, हा त्याचा प्रश्न नाही.

आहार_आणि_हाडे

मी आहारतज्ज्ञ आहे आणि वजनगटात खेळणाऱ्या कुस्तीगीर व मुष्टियोद्ध्यांबरोबर काम करते. वरच्या उत्तरातील रेनकोट आणि बर्फाचा खडा वाचून फार वाईट वाटले, कारण घाम काढून कमी केलेले वजन हे पाणी असते आणि त्याबरोबर निर्णयाचा वेग व हातापायांची पकडही जाते. ज्या माणसाला क्षणार्धात फट ओळखून घोडा आत घालायचा आहे, त्याच्यासाठी ही स्थिती घातक आहे. कुस्तीगिराला वर्षातून काही वेळाच वजन द्यावे लागते. जॉकीला हंगामभर, आठवड्यातून एकदा-दोनदा. फ्लॅट रेसिंगच्या (अडथळे नसलेल्या शर्यतींच्या) जॉकींमध्ये हाडांची घनता कमी आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. वाढीच्या वयात उपाशी राहिलेल्या मुलाचे हाड पुढे पडल्यावर लवकर मोडते, म्हणजे तुमची भीती आणि वरच्या उत्तरातील काटा या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत.

इंग्लंडचे जॉकी लेस्टर पिगॉट यांची उंची ५ फूट ८ इंच होती. तिथली मानाची एप्सम डर्बी शर्यत त्यांनी ९ वेळा जिंकली, पण त्यासाठी नैसर्गिक वजनापेक्षा कितीतरी खाली शरीर ठेवून त्यांनी आयुष्य काढले. उंच मुलाला कोणी त्यांचे उदाहरण दिले, तर ही दुसरी बाजूही त्याला सांगा.

एक गोष्ट याच आठवड्यात करता येईल. डाव्या हाताच्या पंजाचा व मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहता येते, आणि त्यावरून पूर्ण वाढ झाल्यावर उंची साधारण किती होईल, याचा अंदाज बालरोगतज्ज्ञ देऊ शकतात. आई-वडिलांची उंचीही ते विचारतील. निर्णय कोणताही घ्या, पण या अंदाजाशिवाय घेऊ नका.

पॅडॉकजवळ

तुमच्या यजमानांच्या आक्षेपाबद्दल थोडेसे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिलेला आहे, आणि जॉकीला स्वतः पैसे लावण्यास सक्त मनाई असते. मात्र हा व्यवसाय पैजेच्या पैशावर चालतो, हे नाकारता येणार नाही. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. पैजेच्या खिडकीवर येणारा पैसा आटला, की बक्षिसे आटतात आणि बक्षिसे आटली, की जॉकीचा वाटा. शिवाय महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा आता सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेली आहे. १८८३ पासूनचा ट्रॅक शाबूत आहे, तरी पंधरा वर्षांचा मुलगा आज इथे येतो तेव्हा त्याच्या वडिलांनी काळजी करावी, यात काही गैर नाही.

सातरस्ता_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल एक्स-रे काढला. डॉक्टरांच्या अंदाजाने त्याची उंची १७० सेंटीमीटरच्या आसपास जाईल. यजमान ५ फूट ९ इंच आहेत, हे आम्ही आजवर लक्षातच घेतले नव्हते. संध्याकाळी मी निवृत्त_स्वार यांचे उत्तर मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. बर्फाच्या खड्यापाशी सासऱ्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडले. त्यांच्या तबेल्यातला एक पोरगा शर्यतीच्या दिवशी काट्यावरून उतरताना चक्कर येऊन पडला होता आणि सासऱ्यांनीच त्याला उचलून पाणी पाजले होते, असे ते म्हणाले. त्यांनी हे इतके दिवस का सांगितले नाही, ते मी विचारले नाही. मुलगा रात्री जेवला नाही. सकाळी मात्र त्याने एवढेच विचारले, की जॉकी होता आले नाही, तर घोड्यावर बसायला मिळेल असे दुसरे काही काम तिथे आहे का?

निवृत्त_स्वार

आहे, आणि त्यात शर्यतीचा काटा नाही. रोज पहाटे घोड्यांना काम देणारे रायडिंग बॉय साठ-पासष्ट किलोंचेही असतात, आणि घोडा आज लंगडतो आहे की नुसता आळसावला आहे, हे ट्रेनरच्या आधी त्यांना कळते. पुढे त्यांच्यातले काही जण सहायक ट्रेनर होतात. तिथे नोंदी, औषधांचे वेळापत्रक आणि मालकांशी पत्रव्यवहार असतो, म्हणून दहावी-बारावी उपयोगी पडते. परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि एप्रिलपर्यंत घोडे मुंबईतच असतात. शेवटचा पेपर झाल्यावरच्या शनिवारी पहाटे साडेपाचला त्याला आजोबांबरोबर पाठवा. येताना भरपेट नाश्ता करून यायला सांगा.