मदत हवी आहे: मोलाचं काय ते कळलं, पण ध्येय कसं ठरवू?

मंडळी, दर गुढीपाडव्याला माझे संकल्प ठरलेले: वजन, पगार, फ्लॅट. यंदा आधी वहीत लिहून काढलं, मला मनापासून मोलाचं काय वाटतं. वर आलं ते आईबाबांची सोबत आणि मुलांना शिकवणं. (फ्लॅट यादीत कुठेच नव्हता, याचं मलाच आश्चर्य वाटलं.)

आता अडलंय. 'सोबत' ही दिशा झाली, ती कधी पूर्ण होत नाही. ध्येयाला तारीख लागते. म्हणून महिन्यातले दोन शनिवार-रविवार पुण्याहून कराडला आईबाबांकडे जायचं ठरवलं. पण जवळच्या वस्तीतल्या मुलांचा गणिताचा वर्गही दर रविवारीच असतो. दोन्ही तितकंच जवळचं असेल, तर तुम्ही आधी जागा कशाला देता? कुणी अशातून वाट काढली असेल तर कृपया सविस्तर सांगा.