नाक नक्की कोणी कोणाचं दाबलंय? अमेरिका, चीन आणि एक मॅग्नेट

(चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

भूगर्भ

अमेरिका आणि चीन यांच्या ताकदीची तुलना निघाली की आपल्याकडे लगेच विमानवाहू नौका मोजायला घेतात. अमेरिकेकडे ११, चीनकडे ३. संरक्षणखर्चाचंही तेच. जगातला शस्त्रखर्च मोजणाऱ्या सिप्री या संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये अमेरिकेचा खर्च ९९७ अब्ज डॉलर, चीनचा ३१४ अब्ज. झाला हिशोब, असं म्हणून लोक मोकळे होतात. २०२५ मध्ये हा हिशोब अपुरा पडला, असं माझं ठाम मत आहे.

घटनाक्रम बघा. एप्रिलच्या सुरुवातीला ट्रम्प यांनी जगभरावर टॅरिफ लावलं. ४ एप्रिलला चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यं (रेअर अर्थ) आणि त्यांचे मॅग्नेट निर्यात-परवान्याखाली आणले: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. आठवडाभरात अमेरिकेचं टॅरिफ १४५ टक्क्यांवर आणि चीनचं १२५ टक्क्यांवर पोचलं. मेच्या मध्यावर जिनिव्हात दोघंही ३० आणि १० टक्क्यांवर उतरले. त्याच महिन्यात मॅग्नेट नाहीत म्हणून फोर्डने शिकागोतला एक्सप्लोरर गाड्यांचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला. ऑक्टोबरमध्ये चीनने यादी आणखी लांबवली. ट्रम्प यांनी वाढीव १०० टक्के टॅरिफची धमकी दिली, आणि ३० तारखेला बुसानमध्ये शी जिनपिंग यांची भेट झाल्यावर ती गुंडाळली. चीनने वाढीव निर्बंध वर्षभर पुढे ढकलले, पण एप्रिलची सात परवान्याखालीच ठेवली.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे तोंड कोणाचं उघडलं ते दिसतंच आहे.

मला खरा राग येतो तो यामागच्या इतिहासाचा. ही मूलद्रव्यं दुर्मीळ नाहीतच. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एकेकाळी जगाला पुरवठा करत होती. रंगीत टीव्हीतला लाल रंग तिथल्या युरोपियमने आला. निओडिमियमचे ताकदवान मॅग्नेट १९८० च्या दशकात जनरल मोटर्सने आणि जपानच्या सुमितोमोने, दोघांनी स्वतंत्रपणे शोधले. म्हणजे खाणही अमेरिकेची आणि शोधही. मग घोडं कुठे अडलं? मधल्या पायरीवर. ही भावंडं रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी की त्यांना वेगळं करायला आम्ल आणि द्रावकांच्या शेकडो टाक्यांमधून पुन्हापुन्हा फिरवावं लागतं. मागे उरतो तो गाळ, त्यात किरणोत्सारी थोरियम. काम घाणेरडं, किचकट आणि कमी नफ्याचं. माउंटन पासच्या सांडपाण्याची नळी वाळवंटात फुटत राहिली, आणि २००२ मध्ये खाण बंद पडली. जनरल मोटर्सची मॅग्नेट कंपनी १९९५ मध्येच चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली होती, पुढे इंडियानातली यंत्रंही चीनला गेली. चीनने आपल्या बाओतोउ शहराशेजारी काळ्या गाळाचं तळं साठू दिलं आणि ती पायरी स्वतःकडे घेतली. आज जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण तिथे होतं. माउंटन पास पुन्हा सुरू झाली, तेव्हाही एप्रिल २०२५ पर्यंत तिथला बराचसा माल शुद्ध व्हायला चीनलाच जात होता!

घाम गाळायचं काम ज्याने सोडलं त्याची ताकद गेली. तुम्हाला काय वाटतं?

दर्यासारंग

अजिबात पटलं नाही. तुम्ही एकाच नाकाकडे बघताय. चीनचं नाक दिसत नाही का?

सगळ्यात बारीक चिप छापायचं ईयूव्ही यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. अमेरिकेच्या दबावामुळे ते चीनला आजवर एकदाही विकलं गेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन सरकारने प्रगत चिपा आणि त्या बनवायची यंत्रं, दोन्ही अडवली. हुआवेने २०२३ मध्ये ७ नॅनोमीटरची चिप घालून फोन काढला हे खरं, पण ती चिप जुन्या पिढीच्या यंत्रांवर घासूनपुसून काढलेली.

आणि समुद्र? चीनचं बहुतेक आयात तेल सिंगापूरजवळच्या मलाक्का सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या वाटेने येतं. चिनी नेत्यांना ही काळजी निदान २००३ पासून आहे. त्यांच्या युद्धनौका ३७० च्या वर आणि अमेरिकेच्या ३०० च्या आत, हा आकडा फसवा आहे, कारण वजन आणि पल्ला अमेरिकेचा जास्त. तिच्या सगळ्या पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया हे सगळे तिच्याशी कराराने बांधलेले. चीनचा असा संरक्षण करार एकाच देशाशी, उत्तर कोरियाशी, तोही १९६१ चा. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलर निम्म्याहून जास्त आणि युआन दोनेक टक्के. मॅग्नेटवरून महासत्ता ठरत नसते.

मोजपट्टी

भूगर्भ, माझा आक्षेप वेगळा आहे. माल अडवायचं हे हत्यार एकदा उपसलं की बोथट व्हायला लागतं. सप्टेंबर २०१० मध्ये जपान आणि चीन दोघंही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ जपानने एका चिनी मासेमारी बोटीच्या कप्तानाला पकडलं आणि चीनकडून जपानला जाणारा दुर्मीळ मूलद्रव्यांचा माल अडला. जपान रडत बसला नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला २५ कोटी डॉलर दिले, मलेशियात शुद्धीकरण उभं राहिलं, साठे केले, मॅग्नेटमधलं डिस्प्रोशियम कमी केलं. चीनवरचं अवलंबित्व ९० टक्क्यांवरून साठेकवर आलं. आता अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या मालक कंपनीत ४० कोटी डॉलर घातले आणि तिच्या मॅग्नेटसाठीच्या मूलद्रव्यांना किलोला ११० डॉलर किमान भावाची हमी दिली. आपलं सरकारही ७,२८० कोटींची मॅग्नेट योजना घेऊन उतरलंय. चीनने घाई करून सगळ्यांना जागं केलं.

तिसरी पाळी

मी चाकणजवळ विजेच्या दुचाकीच्या मोटारी जोडण्याच्या कामावर आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. तुम्ही ज्याबद्दल बोलताय ते मी रोज हातात धरतो म्हणून लिहितोय.

मॅग्नेट म्हणजे बिस्किटाएवढा चपटा तुकडा, वर निकेलचा चकचकीत मुलामा. दोन तुकड्यांच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी असते. पट्टी काढताना हात घसरला की तुकडे एकमेकांवर आदळतात, कोपरा उडतो, आणि मध्ये बोट सापडलं तर नख काळं पडतं. म्हणून आमच्याकडे हत्यारं पितळेची. एका मोटारीला लागणारा हा माल मुठीत मावेल, पण तो नसेल तर अख्खी गाडी उभी.

२०२५ च्या उन्हाळ्यात खोके यायचे थांबले. माल हवा तर लेखी हमी द्या की हा लष्करी कामाला जाणार नाही. तिच्यावर आधी आपल्या मंत्रालयाचा शिक्का, मग चिनी वकिलातीचा, मग कागद चीनमधल्या पुरवठादाराकडे, आणि मग बीजिंगच्या परवान्याची वाट. जुलैमध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी ऑगस्ट हा विजेच्या गाड्यांसाठी शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो असं जाहीर सांगितलं, तेव्हा आमच्या लाइनवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मॅग्नेट मिळत नसतील तर चीनमधून पूर्ण जोडलेली मोटारच मागवा, असा उपायही तेव्हा चर्चेत होता. तसं झालं असतं तर आमची लाइनच बंद. दर्यासारंग, या सगळ्यात अमेरिकेच्या ११ नौकांचा आम्हाला काय उपयोग झाला?

कोरडवाहू

सोयाबीनचंही बोला. मे २०२५ पासून चीनने काही महिने अमेरिकेचं सोयाबीन घ्यायचं थांबवलं आणि ब्राझीलकडून उचललं. चीन हा अमेरिकेच्या सोयाबीनचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. डिसेंबरमध्ये ट्रम्प सरकारला शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरचं पॅकेज काढावं लागलं. भांडण राजधान्यांचं, पडून राहिला तो शेतकऱ्याचा माल. मला दोन्ही बाजूंची बढाई ऐकवत नाही.

भूगर्भ

मोजपट्टी, जपानचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. सावध, श्रीमंत, शिस्तीचा देश, आणि पंधरा वर्षं झटून ९० वरून ६०! भांडण पेटल्यावर पंधरा वर्षं कोण थांबणार आहे?

दर्यासारंग, चिपेच्या बाबतीत तुमचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण तिथेही बघा: एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने एनव्हिडिया कंपनीची एआयसाठीची एच-२० चिप चीनला बंद केली आणि जुलैमध्ये मोकळी केली. डिसेंबरमध्ये तर तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान एच-२०० लाही वाट दिली. समोरच्याच्या हातात मॅग्नेट नसते तर ही ढील मिळाली असती असं मला वाटत नाही.

नौकांबद्दल एकच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गोद्यांनी २,७१० लिबर्टी मालवाहू जहाजं बांधली. त्यातलं एक साडेचार दिवसांच्या आसपास उभं राहिलं. जपान हरला तो या गोद्यांपुढेही. आज ही क्षमता कोणाकडे आहे? सीएसआयएस या अमेरिकेतल्याच अभ्याससंस्थेने २०२५ मध्ये सांगितलं की चीनच्या एकाच सरकारी कंपनीने २०२४ या एका वर्षात जेवढ्या वजनाची व्यापारी जहाजं बांधली, तेवढी अमेरिकेच्या सगळ्या गोद्यांनी मिळून महायुद्धानंतर आजवर बांधली नाहीत. आज नौका कोणाकडे किती हे ठीक. पहिल्या महिन्यात बुडालेल्यांच्या जागी नव्या कोण आणणार?

दर्यासारंग

गोद्यांचं म्हणणं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण त्याच युद्धाची सुरुवात आठवा. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचं तेल तोडलं आणि डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं. नाक दाबलं की दर वेळी तोंडच उघडतं असं नाही, कधी समोरचा हात उगारतो. सगळ्यात प्रगत चिपांपैकी सुमारे ९० टक्के तैवानमध्ये बनतात आणि चीनच्या किनाऱ्यापासून ते बेट सगळ्यात अरुंद ठिकाणी सुमारे १३० किलोमीटरवर आहे. तुम्ही मॅग्नेटच्या दबावाला चीनची जीत म्हणताय, मला त्यात दोन्हीकडचा संयम संपत चाललेला दिसतो. म्हणून मला तो ताफा तिथे हवा आहे.

मोजपट्टी

तिसरी पाळी, एक विचारू का? फेराइटचे मॅग्नेट वापरून भागत नाही का? ते तर स्वस्त, आणि त्यात यातलं काहीच लागत नाही.

तिसरी पाळी

भागतं, पण तेवढी ओढ हवी तर मोटार जाड आणि जड होते, आणि चाकाच्या आत तेवढी जागा नसते. आमच्याकडे एक नमुना बनवलाय. दोघांना उचलावा लागतो. चाचणी चालू आहे.