तिसऱ्यांची कचकच आणि वातड कालवं: नक्की कुठे बिघडतं?

प्रश्न: खाडीकाठ

खाडीतून वेचून आणलेल्या तिसऱ्यांबद्दल (वाळू-चिखलात राहणाऱ्या छोट्या शिंपल्या) विचारायचं आहे. वाळू काढायला कुणी रात्रभर नळाच्या पाण्यात ठेवायला सांगतं, कुणी मिठाच्या, कुणी त्यात चिमूटभर पीठ टाकायला सांगतं. यातलं खरं काय? धुऊन धुऊनही एकशिपी (एका शिंपलीसकट मास शिजवतात ती) खाताना दाताखाली कच लागतेच, आणि वाफवल्या की मास रबरासारखं होतं. कालवांचंही (कातळाला चिकटलेले शिंपले, ऑयस्टर) तेच, कढईत घातली की पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत कालवं वातड. मापं आणि वेळा सांगितल्यात तर बरं.

प्रतिसाद: विळीवरची

कच बाहेरून धुऊन जात नाही, कारण ती आत असते. तिसरीने स्वतः नळ्या बाहेर काढून पाणी आत-बाहेर केलं तरच ती निघते, आणि त्यासाठी तिला तिच्या सवयीचं पाणी लागतं. गोड्या पाण्यात ती शिंपली गच्च मिटून बसते. रात्रभर ठेवलीत तर वाळू आतच राहते आणि सकाळी निम्म्या मेलेल्या निघतात. पीठ तर मुळीच नको, त्याने पाणी नासतं एवढंच.

जिथे वेचल्या तिथलंच निवळ पाणी दोन-तीन बाटल्या भरून आणणं सगळ्यांत चांगलं. ते नसेल तर लिटरला ३० ग्रॅम मीठ, म्हणजे पोहे खायचे दोन चमचे भरून नव्हे, तराजूवर मोजून. खाडीच्या आतल्या, गोडसर पाण्याच्या भागातल्या असतील तर १५ ते २० ग्रॅम पुरे. नळाचं पाणी असेल तर आधी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो.

पसरट परातीत जाळी किंवा चाळणी पालथी ठेवून त्यावर तिसऱ्या एका थरात मांडा. पाणी त्यांच्या वर जेमतेम बोटभर. खोल पातेल्यात ढीग केलात तर खालच्यांना गुदमरायला होतं, आणि वरच्यांनी टाकलेली वाळू खालच्या परत ओढून घेतात. वर फडकं झाकून अंधार करा. अर्ध्या तासाने हळूच फडकं उचलून पाहा: शिंपल्या किंचित उघडून कडेला दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत, मधूनच पाण्याची चिळकांडीही उडते. नळ्या दिसत नसतील तर पाण्याचा खारटपणा चुकलाय, तो बदला. एकूण ३ ते ४ तास, मध्ये एकदा पाणी बदलून. त्याहून जास्त नको. आपल्याकडच्या उकाड्यात पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो.

आणि शेवटी परात चाळणीत ओतायची नाही! तळाशी बसलेली सगळी वाळू परत त्यांच्या डोक्यावर. हाताने उचलूनच घ्यायच्या.

प्रतिसाद: आमसूल

वरच्या प्रतिसादाला +१. त्यात एक भर: भिजवण्याआधी निवडणं. ही पायरी लोक गाळतात, आणि अर्ध्या कचकचीचं मूळ तिथेच असतं. तोंड उघडी तिसरी टिचकी मारल्यावर मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. मिटलेलीही प्रत्येक अंगठा आणि तर्जनीत धरून दोन शिंपल्या एकमेकींवर आडव्या सरकवून बघायच्या. जिवंत असेल तर हलत नाही. चिखलाने भरलेली मेलेली असेल तर सरकते, आणि तिच्यातून काळा गाळ येतो. अशी एक जरी पातेल्यात उघडली तरी सगळा रस्सा गेला, गाळूनही वास जात नाही.

वातड होण्याचं कारण सरळ आहे, दोनदा शिजणं. आधी सगळ्या उघडेपर्यंत दहा मिनिटं वाफ, मग मसाल्यात आणखी दहा मिनिटं. वाफवायच्याच असतील तर पसरट पातेल्यात अर्धी वाटी पाणी खळखळ उकळू द्या, मग तिसऱ्या घाला आणि झाकण ठेवा. दोन मिनिटांनंतर जी उघडेल ती चिमट्याने बाहेर. पाच मिनिटांत खेळ आटोपतो. खालचं पाणी दहा मिनिटं निवळत ठेवून वरचं वर ओता, तळचे दोन चमचे टाकून द्या.

एकशिपीला मात्र कच्च्याच विळीवर उघडलेल्या बऱ्या. बिजागरी तळहाताकडे, तोंड पात्याकडे, आणि खाली ताट, म्हणजे रस वाया जात नाही. पात्यावर दाबून उघडली की सगळं मास एका शिंपलीत ओढून घ्यायचं, रिकामी टाकायची. विळीची सवय नसेल तर दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर थोड्या वेळात आपोआप फट पडते, सुरीचं टोक जातं. पण निवडून मगच फ्रीझरमध्ये. नंतर जिवंत-मेलेली ओळखता येत नाही.

किलोभराचं सुकं: ३ मोठे चमचे तेल, दोन मध्यम कांदे बारीक चिरून, ८ पाकळ्या लसूण ठेचून. कांदा गुलाबी झाला की अर्धा चमचा हळद, २ चमचे मालवणी मसाला, वर तो निवळलेला रस पाऊण वाटी. हे उकळून दाट होऊ द्या. मग तिसऱ्या, ४ आमसुलं आणि एक वाटी ओलं खोबरं. कच्च्या असतील तर झाकून ५-६ मिनिटं, वाफवलेल्या असतील तर फक्त मसाला लागेपर्यंत, दोन मिनिटं. मीठ सगळ्यांत शेवटी, चाखून. रसच इतका खारट असतो की बहुतेकदा लागतच नाही. किलोभर शिंपल्यांतून मास जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम निघतं, त्यामुळे चौघांना किलो पुरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्नकर्ता: खाडीकाठ

आभार! वाफवताना चार-पाच उघडतच नाहीत, त्या जबरदस्तीने उघडाव्यात का? आणि कालवांचं राहिलं.

प्रतिसाद: विळीवरची

बाकीच्या काढून घेतल्यावर त्यांना आणखी दोन मिनिटं द्या. तरी मिटलेल्याच राहिल्या तर टाका. चार तिसऱ्यांसाठी पातेलं पणाला लावण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद: कातळावरचा

कालवांवर लिहितो. फोडलेली कालवं ताटात पसरून एकेक बोटाने चाचपा. जिथे मास शिंपल्याला चिकटलेलं असतं तिथेच शिंपल्याच्या कपऱ्या (बारीक तुकडे) अडकतात, नुसत्या पाण्याने त्या जात नाहीत. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दोनदा हलकेच खळबळून लगेच उपसा. साध्या पाण्यात भिजत ठेवली की ती फुगतात, चव पाण्यात जाते, आणि कढईत तेच पाणी परत सुटतं. तुमचा अर्धा प्रश्न इथेच आहे. पोटाचा हिरवट-काळपट भाग शेवाळाचा, तो काढू नका.

दोन वाट्या कालवांना तीन कांदे. कांदा पूर्ण मऊ होऊन मसाल्याला तेल सुटलं की मोठ्या आचेवर कालवं घाला, झाकण नको. तीन-चार मिनिटांत कडा मुरडतात आणि अंग फुगीर होतं, म्हणजे झाली. तेव्हाही पाणी उरलं असेल तर कालवं झाऱ्याने बाहेर काढा, पाणी एकटंच आटवा, मग परत घाला. पाण्याबरोबर कालवं आटवणं हीच ती चूक, ज्याने ती वातड होतात. आमसूल उतरवताना.

कच्ची खायची फॅशन परदेशातली, तिथे नियंत्रित पाण्यात वाढवलेली असतात. इथली कातळावरची कधीच कच्ची नकोत, यकृताचा आजार असलेल्यांना तर नकोतच.

प्रतिसाद: भरतीओहोटी

कृती झाल्या, आता वेचण्याबद्दल. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात. गटाराचं तोंड, बंदराचा धक्का, कारखान्याचं सांडपाणी येणारी खाडी, इथल्या तिसऱ्या कितीही मोठ्या दिसल्या तरी हात लावू नका. मिठाच्या पाण्यात चार तास ठेवून वाळू जाते, धातू जात नाहीत. भर पावसाळ्यातही नको, सगळी घाण खाडीत उतरलेली असते.

पाण्याला लालसर, तपकिरी किंवा हिरवा रंग चढलेला असेल तर त्या भागातलं काहीही खायचं नाही. त्यातल्या काही सूक्ष्म शेवाळांचं विष उकळूनही मरत नाही. १९९७ साली केरळात विळिंजमला असे शिंपले खाऊन माणसं दगावली होती. खाल्ल्यावर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी वाटली तर थांबू नका, थेट रुग्णालय.

वेळेसाठी जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरती. चतुर्थीला तीनला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यांत लांब जातं. अष्टमीच्या भांगाला (तेव्हा पाणी फारसं उतरत नाही) जाऊन उपयोग नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. अंगठ्याच्या नखाएवढ्या असतील त्या तिथेच परत पुरा.

प्रतिसाद: आमसूल

लगेच करायच्या नसतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जास्तीत जास्त एक दिवस. बंद पिशवीत किंवा पाण्यात बुडवून ठेवू नका. जास्त दिवस हव्या असतील तर वाफवून, मास सोडवून, त्यांच्याच निवळलेल्या रसात बुडवून गोठवा. कोरडं गोठवलेलं मास सुतासारखं लागतं.