हस्कीला थंडी हवी की काम?

डोंगरपायथा (डुलुथ, मिनेसोटा)

गेल्या आठवड्यात पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. "फ्लॅटला एसी आहे, हस्की कुत्रा घेऊ का?" मी नको म्हटलं. तिला वाटलं, उन्हामुळे नको म्हणतोय. ऊन हे कारण आहेच, पण माझ्या लेखी ते दुसरं. हस्की घेताना सगळे तापमान विचारतात, त्याच्या पायांचं काय करायचं हे कोणी विचारत नाही. माझं मत असं की हस्कीला थंडीपेक्षा कामाची भूक जास्त असते आणि ती भागली नाही तर बर्फातसुद्धा त्याचे हालच होतात. पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं, विशेषतः महाराष्ट्रात हस्की सांभाळणाऱ्यांनी.

आमची सायली चार वर्षांपूर्वी इथल्या निवाराघरातून आणली. त्याआधी तीन घरांनी तिला परत केलं होतं. तिन्ही घरं इथलीच. थंडी उणे पंचवीसची, अंगणं ऐसपैस. तरी तिने एकाचा सोफा फाडला, दुसऱ्याच्या कुंपणाखालून बोगदा काढला आणि तिसऱ्याच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्या मारल्या. आमच्याकडे आल्यावर महिन्याभरात दाराची चौकट कुरतडून ठेवली. शेजारच्या आजोबांनी जन्मभर स्लेज म्हणजे बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री पाळलेली. ते एक जुना हार्नेस (ओढण्यासाठी अंगावर चढवायचे पट्टे) घेऊन आले आणि म्हणाले, हिला ओढू दे.

आता खुंटीवरून हार्नेस निघाला की सायली आधी लांडग्यासारखी मान वर करून सूर लावते. मग जवळ येऊन स्वतःच त्यात डोकं घालते. बक्कल लावेपर्यंत तिच्या मांड्या थरथरत असतात. दोर माझ्या कमरेला, पायात स्की, आणि दोराला ताण बसला की ती एकदम गप्प. पुढचा तासभर फक्त बर्फावर पंजांची चरचर ऐकू येते. घरी आल्यावर बोटांमधले बर्फाचे गोळे काढून द्यायचे, की शेपूट नाकावर घेऊन झोपते ती संध्याकाळपर्यंत. चौकट त्यानंतर कधी कुरतडली नाही.

या कुत्र्यांचा पिंडच तसा आहे. सैबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकोटकात चुकची लोकांनी ही कुत्री घडवली: हलकी, थोडक्या खाण्यावर लांब पल्ला तोडणारी. तिथून १९०८-०९च्या सुमारास ती अलास्कात नोमला आली. १९२५च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्प पसरला, तेव्हा नेनानापासून सुमारे १,०८५ किलोमीटर त्यावरचं सीरम (प्रतिविष) नेलं ते वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी, साडेपाच दिवसांत. पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा उभा आहे, पण सर्वांत लांब आणि अवघड टप्पा गाडीवान लिओनहार्ड सेपालाच्या टोगो या कुत्र्याने ओढला, तेही बाराव्या वर्षी. हाच टोगो पिल्लू असताना फार उपद्व्यापी म्हणून एका घरी पाळायला देऊन टाकला होता. तिथे त्याला लाडाकोडात ठेवलं, तर बंद खिडकीची काच फोडून तो सेपालाकडे पळत परत आला. त्या घरी थंडीची काय कमतरता होती?

आणि थंडीचा भरवसा आता आम्हालाही नाही. १८८०-९०च्या काळात लेक सुपीरियरच्या या किनाऱ्यावर टू हार्बर्स ते ग्रँड मरे टपाल कुत्र्यांच्या गाडीवरून जायचं. ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचा टपालवाला जॉन बिअरग्रीझ ते नेई. त्याच्या नावाने दर हिवाळ्यात इथे शर्यत होते. २०२४ साली बर्फच पडला नाही म्हणून ती रद्द झाली.

---

रानवैद्य (ठाणे)

तुमच्या सायलीचं वर्णन वाचून बरं वाटलं. पण तुमच्या मताशी मी अजिबात सहमत नाही. गेली एकोणीस वर्षं पशुवैद्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंग गार करायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, धाप. जिभेवरचं, नाकातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. ठाण्या-मुंबईच्या हवेत आधीच एवढा दमटपणा असतो की ती वाफ नीट होतच नाही. कुत्रा धापा टाकतो आणि आतून तापतच राहतो. बरं, धापा टाकायलाही स्नायू चालवावे लागतात, त्याची उष्णता वेगळी. "अलास्कात फेअरबँक्सलाही उन्हाळ्यात तीस अंश होतं" असं मला पालक सांगतात. होतं, पण तिथली हवा कोरडी आणि रात्र गार. आमच्याकडे मे महिन्यात रात्री दोन वाजताही अंग चिकटतं.

आता तुमचं "काम". स्नायू राबले की उष्णता तयार होते. स्लेज चालवणारे स्वतःच शरद ऋतूत पहाटे थर्मामीटर बघून सराव ठरवतात, गरम असलं तर कुत्री जुंपतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी मेच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे तीन वर्षांचा हस्की आणला. घरात नासधूस करतो म्हणून मालकाने कुठेतरी वाचलं की याला व्यायाम कमी पडतोय, आणि सकाळी सातला त्याला पाच किलोमीटर पळवला. आणला तेव्हा ताप ४२.३, हिरड्या विटेसारख्या लाल, पाय ताठ. नळाचं पाणी ओतलं, पंखे लावले, सलाइन दिलं. ताप उतरला, पण रक्त गोठेनासं झालं होतं. संध्याकाळी गेला. तो माणूस चांगला होता, कुत्र्यावर जीव होता त्याचा. त्याने जे वाचलं होतं, तेच तुम्ही इथे लिहिलंय.

आमच्या हवेत हस्की असूच नये, हे माझं मत. काम ही त्यानंतरची गोष्ट.

---

डोंगरपायथा

रानवैद्य, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. महिना आणि वेळ न लिहिता "काम द्या" म्हणणं ही माझी गंभीर चूक झाली. कोणी माझा धागा वाचून मे महिन्यात कुत्रा पळवू नये म्हणून स्पष्ट लिहितो: १५ अंशांच्या वर मी सायलीला काही ओढायला लावत नाही. उन्हाळ्यात ती तळ्यात पोहते आणि पहाटे चालते, बस.

पण कामाची गरज दुसऱ्या नंबरची, हे अजून पटलेलं नाही.

---

मुळाकाठ (पुणे)

तुम्ही दोघं कुत्र्याबद्दल बोलताय आणि इथे तो कुत्रा माझ्या पायाशी झोपलाय. ब्रूनो सहा वर्षांचा आहे. पिल्लू असताना घेतला, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, हे मान्य. पण "असूच नये" हे वाक्य आधीच असलेल्या कुत्र्याच्या काय कामाचं, डॉक्टर? २०१६ साली केंद्राने धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर बंधन आणलं, तरी इथेच पिल्लं होतायत आणि विकली जातायत. ती कुठे जाणार? गेल्या वर्षी सोसायटीच्या गेटला कोणीतरी दुसरा हस्की बांधून गेलं. पाण्याचं भांडंही ठेवलं नव्हतं.

मी काय करते ते सांगते. मार्च ते जून पहाटे साडेचारला तळजाईवर, सहाच्या आत घरी. सकाळी आठनंतर डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवता येत नसेल तर त्याचा पंजाही टेकवू नका. एसी आहे, पण तो झोपतो मोरीच्या कडप्प्यावर, पोट टेकवून, चारी पाय पसरून.

आणि काम म्हणजे ओढणंच कशाला? मी ताकात चिकनचे तुकडे घालून डब्यात गोठवते आणि ती वडी घरात लपवते. तो वीस मिनिटं नाकाने शोधतो, मग अर्धा तास चाटतो. जुन्या चादरीच्या गाठींमध्ये खाऊ बांधून देते. डोकं दमलं की हा प्राणी शांत होतो. त्याला दोर लागत नाही.

एक चूक मात्र सांगते, कोणी करू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात ग्रूमिंगवाल्याने "मॅडम, पूर्ण उतरवू, मोकळं वाटेल त्याला" म्हटलं आणि मी हो म्हटलं. पाठीवरचे लांब केस दीड वर्ष नीट आलेच नाहीत. खालची लव तेवढी वाढली, लोकरीच्या जुन्या घोंगडीसारखी, आणि उन्हाने कातडी भाजली ती वेगळीच. वरचे केस ऊन अडवतात. काढायची असते ती सुटलेली लव, रेकने (लांब दात्यांच्या फणीने) विंचरून. वर्षातून दोनदा ब्रूनो अशी लव सोडतो की एका बैठकीत उशीचा अभ्रा भरतो.

---

रानवैद्य

मुळाकाठताई, केसांबद्दल शंभर टक्के खरं. माझ्याकडे भादरलेले हस्की दर एप्रिलला येतात.

तुम्ही ब्रूनोला जपताय याबद्दल शंकाच नाही. पण पुणं कोरडं आहे, आणि साडेचारला उठणारी माणसं किती? माझा विरोध तुम्हाला नाही, पुढचं पिल्लू विकत घेणाऱ्याला आहे. गेटला बांधलेल्या कुत्र्याला जरूर घरात घ्या. बुकिंग करून पिल्लू आणू नका.

एक विचारतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला खपली धरते का? हस्की आणि मॅलम्यूट अशा बर्फातल्या जातींमध्ये काहींना आतड्यातून झिंक नीट शोषता येत नाही. त्यात आपल्याकडे पोळी-दूध, भात असं खाणं. धान्यातला फायटेट हा घटक झिंकला आणखी अडवतो. खरूज समजून लोक महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. गोळ्या मात्र मनाने देऊ नका, जास्त झालं तर झिंक विषारी आहे.

---

कवठीचाफा (लातूर)

धावणारं कुत्रं हवं असेल तर आपला कारवानी काय वाईट आहे? अंगाला केस आखूड, ऊन सोसतो, सशामागे सुटला तर दिसत नाही. निळ्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

---

मुळाकाठ

कवठीचाफा, कारवानी देखणाच असतो. पण त्यालाही मोकळं रान लागतं. फ्लॅटमध्ये कोंडला तर तोही असाच रडेल.

डॉक्टर, नाकाच्या कडेला खपली आहे. मी कोरडी हवा समजत होते. उद्याच दाखवते.

---

ध्रुवतारा (ट्रॉम्सो, नॉर्वे)

मी शिक्षणासाठी आले आणि दोन हिवाळे पर्यटकांच्या स्लेज कंपनीत काम केलं. डोंगरपायथादादा, तुमच्या लिखाणात कामाचं फार कौतुक आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

जुंपताना कुत्री आनंदाने वेडी होतात हे खरं. साठ-सत्तर कुत्री एकदम ओरडतात तेव्हा शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि गाड्या सुटल्या की तुम्ही म्हणता तशीच शांतता. पण तो हंगाम पाच महिन्यांचा. मेमध्ये बर्फ वितळला की तीच कुत्री चिखलात, साखळीच्या घेराएवढ्या जागेत. काही मालक फार मन लावून करतात, उन्हाळ्यात मोकळं सोडतात, म्हाताऱ्या कुत्र्यांना घरं शोधून देतात. सगळेच करत नाहीत. आम्ही कित्येकदा पाहुणे गेल्यावर कुत्र्यांची विष्ठा उचलत असताना एखादं कुत्रं माझ्या मांडीला टेकून उभं राहायचं, काही न मागता. खाणं झालेलं, पळून झालेलं, तरी हलायचं नाही. त्याला त्या वेळी काम नको होतं, माणूस हवा होता.

शिवाय ओढणारी ही कुत्री बहुतेक अलास्कन हस्की, म्हणजे मिश्र रक्ताची, सडपातळ, वेगासाठी निवडलेली. निळ्या डोळ्यांचा जाड केसांचा सैबेरियन शर्यतीत आता क्वचितच पुढे असतो. त्यामुळे "याचा जन्मच ओढण्यासाठी" हे प्रत्येक हस्कीला लावू नये. काहींना पाच किलोमीटर पुरतात, काही दोर लावला की खाली बसतात. अशी मी पाहिली आहेत.

---

डोंगरपायथा

ध्रुवतारा, मांडीला टेकून उभं राहणारं कुत्रं वाचलं आणि उठून सायलीजवळ जाऊन बसलो. तुमचा मुद्दा मान्य. चुकची घरांत पिल्लं बायकामुलांत वाढायची, उन्हाळ्यात मोकळी हिंडायची, हे मला माहीत असून मी फक्त गाडीबद्दल लिहिलं. बहिणीला सांगताना आता तीन गोष्टी सांगेन: हवा, काम आणि दिवसातून किती तास घरी कोणी असतं. तिचं उत्तर तिसऱ्यालाच अडेल, दोघंही नोकरीला जातात.

मुळाकाठताई, तुमची गोठवलेली वडी आम्ही जुलैत करून बघणार. पण एक विचारू का? ब्रूनोने कधी काही ओढलंय?

---

मुळाकाठ

मला ओढलंय, सहा वर्षं, रोज. गळ्यातला पट्टा ताणून खोकतो, म्हणून मी थांबते, तो वळून बघतो. हार्नेसमध्ये कधी नाही. डिसेंबरात पहाटे दहा-अकरा अंश असतं इथे. डॉक्टर परवानगी देत असतील तर एकदा सायकलचं टायर बांधून बघेन. छातीचा घेर ६८ सेंटिमीटर, मान ४१. कोणत्या मापाचा हार्नेस घ्यावा?

---

रानवैद्य

आधी त्या खपलीचं बघू आणि गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्या. दोन्ही ठीक निघालं तर डिसेंबरात, पहाटे, दहा मिनिटं. थर्मामीटर सोबत ठेवा, अंगाचा ताप ४०च्या वर गेला तर तिथेच थांबायचं, पाणी पाजायचं आणि सावकाश चालत घरी.

माझं मत बदललेलं नाही. पण कसा ओढतो ते कळवा.

---

डोंगरपायथा

ताई, पाठीवर फुलीसारखे पट्टे असतात तो घ्या, छातीला मऊ अस्तर असलेला. माप सायलीच्याच जवळचं आहे. आजोबांनी दिलेला तो जुना हार्नेस आता खुंटीवर नुसताच असतो. बहीण नाताळात इथे येतेय, तिच्याबरोबर पाठवतो.