पाहुणे कलाकार: कथेची गरज की नुसती हजेरी?

बोरूबहाद्दर
जुन्या हलक्याफुलक्या अमेरिकन मालिकांचा विषय निघाला की ‘काय एकेक नटमंडळी यायची!’ एवढ्यावरच गाडी अडते. माझ्या मते पाहुणा तिथे शोभेला नव्हता, पटकथेचं ओझं वाहायला होता. प्रवासी जहाजावर घडणारी ‘द लव्ह बोट’ घ्या (एबीसी वाहिनी, १९७७). एका भागात तीन गोष्टी, बहुतेकदा तिघा वेगळ्या लेखकांच्या, म्हणून भागाच्या नावातही तीन शीर्षकं. जाहिराती वगळून मिनिटं पन्नासच्या आतच. त्यातून कॅप्टन स्टुबिंग, डॉक्टर, बारवाला आयझॅक यांचा वाटा काढला की एका गोष्टीला पंधरा मिनिटंसुद्धा उरत नाहीत. एवढ्यात माणूस उभा कसा करणार? ओळखीचा चेहरा बोटीवर चढताना दिसला की त्याचा निम्मा भूतकाळ प्रेक्षकच भरून टाकतो. लेखक थेट भांडणावर येऊ शकतो.

खडूस
म्हणजे लेखक नटाच्या पुण्याईवर जगला. ती पुण्याई ठाऊक नसेल तर? जुन्या हॉलिवूडच्या लाना टर्नरचं नावही न ऐकलेल्याला समोर फक्त एक नटूनथटून आलेली बाई दिसते. शिवाय पाहुणा पुढच्या आठवड्यात नसणारच, त्यामुळे मुख्य पात्रांवर कशाचा ओरखडा उठत नाही. बंदर आलं, मिठ्या मारल्या, टाटा. वर डबाबंद, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं हसू, तेही उघड्या डेकवर! टॉम हँक्स १९८० मध्ये त्या बोटीवर आला, एबीसीवरच त्याची ‘बूझम बडीज’ ही मालिका सुरू होण्याच्या सुमारास. याला जाहिरात म्हणतात. आणि १९८५ मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉल चढला, तो कुठल्या कथेची गरज म्हणून?

बोरूबहाद्दर
वॉरहॉल सोडून दिला. हसूही सोडलं. ओरखड्याचं मात्र पटत नाही. पुनःप्रक्षेपणात भाग कुठल्याही क्रमाने लागले तरी चालावेत, यासाठी प्रत्येक भाग मुद्दाम तिथल्या तिथे मिटवलेला असायचा. त्याला आळस म्हणू नका.

तिरपा कॅमेरा
दोघंही बोटीतून उतरायला तयार नाहीत :) ‘बॅटमॅन’ (१९६६ ते ६८) बघा. बॅटमॅन-रॉबिन दोरी धरून भिंत चढताहेत, खिडकी उघडते, विनोदी नट जेरी लुईस डोकं काढून दोन वाक्यं बोलतो, खिडकी बंद. भिंत प्रत्यक्षात जमिनीवर आडवी मांडलेली, कॅमेरा ९० अंश फिरवलेला. दोघं वाकून चालताहेत आणि पाहुणा खालून वर डोकावतोय. केप (खांद्यावरचा झगा) पाठीवर पडून राहिली तर बिंग फुटणार, म्हणून ती दोऱ्याने ओढून धरायची. एवढा खटाटोप अर्ध्या मिनिटासाठी, आणि कथेला त्याची काडीची गरज नाही. मजा आहे ती त्यातच.

रीळवाला
वाद घालण्याआधी आपण कुठली प्रत पाहतोय ते तपासा. जुन्या टीव्हीचं ४:३ चं चित्र आजच्या रुंद १६:९ मध्ये कापून बसवलं की उंचीतला बरोबर पाव भाग जातो. डोकी छाटली जातात, हातातली वस्तू दिसत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ असेल तर काढून मूळ प्रमाण ठेवा. मग लांबी बघा. सत्तरच्या दशकातला अर्ध्या तासाचा भाग साधारण २५ मिनिटांचा. २१-२२ भरला तर कात्री लागलीय समजा. आता कापणारा काय कापणार? ज्याच्यावाचून कथा अडत नाही ते, म्हणजे पाहुण्याची नक्कल, गाणं, दारातली फिरकी. वर गाण्यांचे हक्क मिळाले नाहीत म्हणून काही डीव्हीडींतून गाणीच गेली. बाहुल्यांच्या ‘मपेट शो’च्या पहिल्या सीझनचं तसंच झालं. जे गायला आले होते त्यांचंच गाणं नाही, मग पाहुणे उगाच आले असं वाटणारच.

खडूस
कात्रीचा मुद्दा बिनतोड. ‘मर्डर, शी रोट’ या रहस्यमालिकेत तिची नायिका अँजेला लॅन्सबरी जुन्या कलाकारांना आवर्जून कामं द्यायची, युनियनचा विमा आणि पेन्शन टिकावं म्हणून. माणूस म्हणून सलाम, पण पडद्यावर ते दान दानासारखंच दिसतं.

बोरूबहाद्दर
मग तुमच्या मते चांगला पाहुणा कोण?

खडूस
‘मपेट शो’तला बॅले नर्तक नुरेयेव्ह. बॅलेतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. माणसाएवढ्या डुकरीण-बाहुलीला पेलत तो खरंखुरं नाचतो, आणि तोंडावरची माशी हलत नाही.